आपल्याकडे बघण्यासारखं काय आहे?

परवा माझा भाचा येऊन गेला. पुण्याला चांगल्या नोकरीत आहे. चाळिशीत पोट सुटू लागलं म्हणून त्याने सायकल घेतली आणि मग तिचं वेडच लागलं. गेल्या सप्टेंबरात तो आणि त्याचे तीन मित्र चक्क फ्रान्सला जाऊन आठ दिवस सायकल चालवून आले. मोबाईल टीव्हीला जोडून त्याने मला फोटो दाखवले. दीडशे तरी असतील. तेवढ्यात मी दोनदा चहा गरम केला.

खरं सांगते, फोटो सुंदर होते. ल्वार नावाची नदी आहे, फ्रान्समधली सर्वांत लांब, साधारण हजार किलोमीटरची. तिच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग केलेला आहे. नदीकाठ म्हणजे सपाट मुलूख, त्यामुळे चढ असा नाहीच. दोन्ही बाजूंना शेतं, द्राक्षांचे मळे, मध्येच एखादं दगडी घरांचं गाव, गावात जुनं चर्च, नदीवर कमानींचा पूल. आंबॉज नावाच्या गावी लिओनार्दो दा विंची १५१९ साली वारला, तेही घर त्याने दाखवलं. एका फोटोत सत्तरीच्या पुढच्या दोन आजीबाई, सायकलच्या पुढच्या टोपलीत पाव घालून निवांत चालल्या होत्या. त्या फोटोवर मी जरा जास्त वेळ थांबले.

शेवटचा फोटो झाल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, सायकल चालवावी तर तिथे. आपल्याकडे काय आहे बघण्यासारखं?"

वाचकहो, तेव्हा मी काही बोलले नाही. पाहुण्याशी वाद घालू नये असं आमच्या आईने शिकवलं होतं. पण बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईच्या डोक्यातून चुकीचं विधान सहजासहजी जात नाही. रात्री झोप लागेना. म्हणून हा लेख. तो वाचेल अशी आशा आहे. आणि त्याच्यासारखे आणखीही पुष्कळ आहेत, त्यांनीही वाचावा.

आधी बघण्यासारखं काय आहे ते पाहू.

नाशिकच्या पश्चिमेला डोंगर आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पण पूर्वेला निघालात तर गोदावरी पसरत जाते. ओढा, लाखलगाव, चांदोरी, सायखेडा हा सगळा पट्टा तळहातासारखा सपाट. काळी जमीन. द्राक्षांचे मळे म्हणाल तर निफाड तालुक्यात शिरा आणि मोजत बसा! जुनी गावं म्हणाल तर चांदोरी हे पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे यांचं गाव. नदीचं पाणी उतरलं की तिथे पात्रातली दगडी देवळं वर येतात. पावसाळ्यात बुडतात, उन्हाळ्यात पुन्हा दिसतात. निफाड हे न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव, १८४२ सालचं. आणखी पुढे गेलात तर नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा तिथे एकत्र येतात. इंग्रजी अमदानीतल्या बंधाऱ्यामुळे तिथे पाणी पसरलं, गाळ साचला, त्या गाळावर पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात हजारो कोसांवरून पक्षी येऊ लागले. २०२० साली या पाणथळ जागेचा रामसर यादीत समावेश झाला. महाराष्ट्रातली ती पहिलीच.

एवढं लांब नको असेल तर आमच्या सातपूरहून गंगापूर गाव पाच-सहा किलोमीटर. माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई उतारवयात तिथे राहिल्या. वाटेत आनंदवल्ली, ते राघोबादादांचं. पेशवाईतली दोन वैरी घरं, एकाच नदीच्या काठी, हाकेच्या अंतरावर! फ्रान्सच्या राजांच्या भानगडी चवीने ऐकणाऱ्या आमच्या भाच्याला हे ठाऊक नव्हतं. (शिकवलं कोणी असेल तर ना, असं तो म्हणेल. मान्य. तो माझ्या वर्गात नव्हता.)

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९७९ च्या जानेवारीत मी आणि आमचे हे सातपूरहून सायकलने सायखेड्याला गेलो होतो. नणंदेचं सासर तिथे. सकाळी सातला निघालो. चांदोरीच्या अलीकडे गुऱ्हाळ लागलं, तिथे काकवी प्यायलो. दुसऱ्या दिवशी तिथून नांदूरमध्यमेश्वर पाहून आलो. माझी साधी लेडीज सायकल, ह्यांची काळी चोवीस इंची. गिअर नाही, हेल्मेट नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही, कारण तहान लागली की कुणाच्याही मळ्यात पाणी मिळायचं. नऊवारीतल्या बायका माझ्याकडे वळून वळून पाहत होत्या. पण दोन दिवसांत एकदाही जिवाची भीती वाटली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मुद्दा असा, की बघण्यासारखं सगळं आहे. नदी आहे, सपाटी आहे, मळे आहेत, इतिहास आहे, पक्षी आहेत. नाही ती फक्त एक गोष्ट. रस्त्याच्या कडेची ती दोन मीटर जागा, जिच्यावरून सत्तरीची म्हातारी पाव घेऊन निवांत जाऊ शकते. भाच्याने ज्या गोष्टीचे दीडशे फोटो काढले ती नदी नव्हती की किल्ला नव्हता. ती ती दोन मीटर जागा होती. त्याला ती दिसली नाही, कारण ती प्रत्येक फोटोत होती.

आता कोणी म्हणेल, "बाई, ते लोक वेगळे. त्यांची शिस्त वेगळी." हे वाक्य मला अतिशय राग आणतं. आळशी मुलगा जसा "तो हुशारच आहे" म्हणून स्वतःची सुटका करून घेतो, तसलं हे आहे. हुशार मुलगा रात्री जागून अभ्यास करत असतो, ते याला पाहायचं नसतं.

फ्रान्सचा अभ्यास काय होता तो पाहा. तिथल्या कामगारांनी १९३६ साली मोठे संप केले. कारखान्यांतच ठाण मांडून बसले. तेव्हा लेऑं ब्लुम यांच्या सरकारने कायदा केला आणि कामगाराला वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात पॅरिसचे गिरणी-कारखान्यांतले लोक बायकोला घेऊन सायकलवर, दोघांच्या जोडसायकलवर, गावोगाव निघाले. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. सायकलवरून देश पाहण्याची जी हौस आज माझा भाचा लाखभर रुपये मोजून विकत घेतो, तिच्यामागे कामगारांनी लढून मिळवलेली ती रजा आहे. मग १९९६ साली तिथे आणखी एक कायदा झाला. शहरातला रस्ता नवा बांधायचा किंवा दुरुस्त करायचा असेल तर त्यात सायकलची सोय करणं बंधनकारक. शिवाय वाहतुकीचा नियम आहेच, गावाबाहेर सायकलला ओलांडून जाताना गाडीने दीड मीटर अंतर ठेवायचं, गावात एक मीटर.

हॉलंडचंही तेच. आज सगळे त्यांचं कौतुक करतात. पण १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांची हत्या थांबवा" हे त्यांच्या चळवळीचं नाव होतं. गोड नाव नाही, पण खरं आहे. त्या नावामुळे सरकारला लाज वाटली आणि रस्ते बदलले.

म्हणजे शिस्त आकाशातून पडली नाही. कोणी तरी भांडलं, कोणी तरी कायदा केला, कोणी तरी पट्टी घेऊन रस्ता मोजला.

आणि आपल्याकडे मोजलं नव्हतं असं समजू नका! इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच सायकलमार्गांबद्दल शिफारशी छापल्या. त्यात म्हटलं आहे, की ज्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला दोनशेहून जास्त मोटारगाड्या जातात, तिथे सायकली तासाला शंभर असल्या तरी वेगळा सायकलमार्ग असावा, आणि त्याची रुंदी किमान दोन मीटर असावी. त्याच १९६२ साली १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. पुढे आमच्या सातपुरात एमआयडीसी आली, कारखाने आले, माणसं आली. नियम आणि कारखाने एकाच वर्षीची भावंडं. कारखाने वाढले. नियम कपाटात राहिला.

मी १९७४ साली सातपूरला शिक्षिका म्हणून आले. तेव्हाचा त्र्यंबक रस्ता ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा सुटायचा. हँडलला डबा, कॅरिअरला रेनकोट. पाऊस असला की रस्ताभर नुसत्या टोप्या. आमच्या शाळेच्या खिडकीतून तो लोंढा दिसायचा आणि मुलं आपापले वडील शोधायची. एकही सायकलमार्ग नव्हता, कारण सगळा रस्ताच सायकलचा होता. सायकलला तेव्हा कर होता, नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला तर पोलीस पकडत, डबलसीट बसलात तर हवा सोडून देत. म्हणजे सायकल ही सरकारला दिसत होती. कर घेण्यापुरती का होईना, पण दिसत होती. आज कर नाही, बिल्ला नाही, आणि दिसतही नाही.

मग झालं काय? सगळा दोष सरकारवर टाकणं सोपं आहे. पण आपणही काही कमी केलं नाही, आणि "आपण"मध्ये मी पहिली. १९८६ साली मी लुना घेतली. वेतन आयोग आला तशी स्कूटर आली. लुना घेणं हे पाप नव्हे. पाप पुढचं. वर्गात अभ्यास न करणाऱ्या मुलाला मी म्हणायची, "असाच वागलास तर जन्मभर सायकल मारत बसशील." वर्ग हसायचा. किती मुलांना म्हटलं असेन, देव जाणे. ज्या मुलांचे वडील त्याच वेळी खिडकीबाहेरून सायकल मारत चालले होते, त्यांना मी असं म्हणत होते. सायकल म्हणजे नापास झाल्याची खूण, हे आम्ही शिक्षकांनी, आईबापांनी, शेजाऱ्यांनी मिळून शिकवलं. पिढीच्या पिढी ते शिकली. तीच पिढी आज रस्त्यांचे नकाशे काढते. मग नकाशात सायकल कशी येणार?

माझा एक जुना विद्यार्थी. नाव लिहीत नाही. एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता, श्रमिकनगरहून सायकलने जायचा. सहा वर्षांपूर्वी रात्रपाळीहून परत येताना मागून टेम्पोने उडवलं. टेम्पो थांबला नाही. पायात सळई घातली, चार महिने घरी. कंत्राटी म्हटल्यावर चार महिन्यांनी जागा कुठली राहायला? मी भेटायला गेले. आजूबाजूचे म्हणत होते, "अंधारात सायकल कशाला चालवायची?" रात्रपाळी सुटते ती अंधारातच सुटणार ना! पण हे कोणाच्या ध्यानात नाही. तो मात्र माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "बाई, तुमचं खरं झालं. सायकलच मारत राहिलो."

तो चेष्टेने म्हणाला. मला घरी येईपर्यंत पायाखालचा रस्ता दिसत नव्हता.

केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार रस्त्यावर मेले. यांत पहाटे धावण्या-सायकलींच्या शर्यती करणारे फार थोडे असणार. बाकीचे कोण? दूधवाला, पेपरवाला, वॉचमन, बिगारी, शाळेतली पोरं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरांतल्या जवळजवळ पंचेचाळीस घरांत सायकल होती. मोटार शंभरांतल्या पाचच घरांत होती. म्हणजे रस्ता कोणासाठी बांधला आणि रस्त्यावर कोण होतं, याचा हिशेब तुम्हीच करा. तिसरीतलं गणित आहे.

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची मुलगी नववीत आहे. शाळा साडेतीन किलोमीटरवर, मध्ये त्र्यंबक रस्ता ओलांडायचा. मामाने सायकल घेऊन दिली आहे, निळी, चांगली. ती जिन्याखाली साखळीला बांधलेली. ताई म्हणतात, "बाई, पोरीला रस्त्यावर सोडायची छाती होत नाही." मग शेअर रिक्षा. महिन्याचे नऊशे रुपये. महिनाअखेर पैसे संपले की पोर दोन-चार दिवस घरी. असं करत करत गणितात मागे पडली. आता आईबापांत बोलणं चाललंय, दहावी झाली की पुरे.

या मुलीची शाळा कशाने सुटणार आहे? गरिबीने? मुलगी म्हणून? थोडं थोडं दोन्हीने. पण जिन्याखाली सायकल असताना सुटणार आहे, हे विसरू नका. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण बत्तीस टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधलं अंतर चाळीस टक्क्यांनी घटलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. फार चांगली योजना आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण एका खात्याने सायकल द्यायची आणि दुसऱ्या खात्याने रस्त्याची ती कडा काढून घ्यायची, हा काय प्रकार आहे? चप्पल दिली आणि वाट उखडली!

आता थोडं आमच्या हौशी सायकलवाल्या मंडळींविषयी. नाशिक हे सायकलवाल्यांचं गाव आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ साली अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत पार केली. ती शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. इथून पंढरपूरला सायकलवारी जाते. रविवारी पहाटे गंगापूर रस्त्याने रंगीत कपड्यांतली तरुण मुलं-मुली जाताना दिसतात, तेव्हा मी गॅलरीतून हात करते. तेही करतात.

पण मंडळी, एक विचारू? तुम्ही पहाटे पाचला का निघता? हवा चांगली असते, हे एक. आणि दुसरं, त्या वेळी गाड्या नसतात. तुम्हाला वेळ निवडता येते. रात्रपाळीच्या कामगाराला येत नाही. शाळेच्या मुलीला येत नाही. तुमच्या मागे कधी कधी दिवे लावलेली गाडी असते, त्याच्या मागे टेम्पो असतो. तुमच्यावर पेपरात बातमी येते, त्याच्यावरही येते, पण आतल्या पानावर दोन ओळींची. तुम्हाला कलेक्टर ओळखतात, नगरसेवक ओळखतात, झेंडा दाखवायला येतात. त्यांनी झेंडा दाखवला की तुम्ही टाळ्या वाजवता आणि निघता. एकदा तरी न निघता उभे राहा. विचारा, की साहेब, आज झेंडा दाखवलात, उद्या रस्ता दाखवाल का? तुमचा शब्द ऐकला जाईल. ताईंचा ऐकला जाणार नाही. ज्याचा शब्द ऐकला जातो त्याने तो फक्त स्वतःच्या छंदासाठी वापरला, तर त्याला मी खिलाडूपणा म्हणणार नाही.

लोकांचे आक्षेप मला पाठ आहेत. एकेक घेते.

"ऊन फार." १९७४ साली ऊन नव्हतं का? ऊन होतं आणि झाडं होती. आता रुंदीकरण म्हटलं की पहिली कुऱ्हाड झाडावर. सावली तोडायची आणि मग ऊन आहे म्हणायचं.

"जागाच नाही." जागा आहे. ती दुतर्फा उभ्या गाड्यांनी अडवली आहे. पपया नर्सरीपासून आयटीआय सिग्नलपर्यंत एकदा पायी चाला आणि मोजा. दिवसभर एका जागी उभ्या असलेल्या मोटारीला जागा आहे, चालत्या सायकलला नाही!

"सायकलमार्ग करून पाहिले, कोणी वापरत नाही." कुठले मार्ग? आपल्या शहरांतून जे होतात ते रंगवलेले पट्टे. मध्येच विजेचा खांब, मध्येच रोहित्र, मध्येच पाणीपुरीची गाडी, आणि दोनशे मीटरवर पट्टा गुप्त. पाच पायऱ्यांचा जिना बांधून "वरच्या मजल्यावर कोणी जात नाही" म्हणण्यासारखं हे आहे.

"आता सायकल चालवतोच कोण?" ज्या पाड्यावर शाळाच नाही तिथे जाऊन, इथलं कुणी शाळेत जात नाही, मग शाळा कशाला, असं कोणी म्हणालं तर तुम्ही त्याला काय म्हणाल? तेच या माणसाला म्हणा.

"देश पुढे चाललाय, तुम्ही मागे नेता." यावर मी काय बोलू? माझ्या भाच्याला पुढे जायला विमानाचं तिकीट काढून सायकलच्याच रस्त्यावर जावं लागलं.

हे सगळं आजच का लिहिते आहे, तेही सांगते. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरकडचे रस्ते रुंद होत आहेत, नवे आखले जात आहेत. २०२५ च्या अखेरीस तपोवनातल्या झाडांवरून नाशिककर एकत्र आले, बोलले, ते मला फार बरं वाटलं. तसंच रस्त्यांबद्दलही बोलायला हवं, आणि काम चालू असतानाच. रस्ता एकदा झाला की पुढची वीस-पंचवीस वर्षं तो तसाच राहतो. मी काही ते पाहायला नसेन. पण ती नववीतली मुलगी असेल, आणि तिची मुलगीही.

मागणी फार नाही. कारखान्यांच्या आणि शाळांच्या रस्त्यांना आधी घ्या, नदीकाठचं सुशोभीकरण मागून करा. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर, आणि गाडी चढणार नाही असा कठडा. रंगाचा पट्टा नको. चौकात सायकलला आणि पायी माणसाला आधी जाऊ देणारा सिग्नल. पाळी सुटण्याच्या वेळी उजेड. कडेची झाडं आहेत तिथेच राहतील असा नकाशा. १९६२ सालच्या कागदात यातलं मुख्य लिहिलेलं आहे. नवीन समिती नको, परदेश दौरा तर मुळीच नको. (गेलातच तर माझ्या भाच्याचे फोटो पाहा, फुकट आहेत.)

आणि हो, सायखेड्यापर्यंतचं काय? तेही व्हावं असं मला फार वाटतं. नदीच्या काठाने, शेतकऱ्यांना विश्वासात घेऊन, गंगापूरपासून नांदूरमध्यमेश्वरापर्यंत एक शांत वाट झाली तर जगभरचे लोक येतील, गावातल्या बायकांच्या पिठलं-भाकरीला गिऱ्हाईक मिळेल. पण पर्यटनाचं नाव आधी घेतलं की पुन्हा तेच होतं. पाहुण्यांसाठी वाट आणि घरच्यांसाठी धूळ. आधी शाळा, मग सहल. फ्रान्समध्येही आधी कामगाराची रजा आली, मग ल्वारचा मार्ग.

भाच्याला मी फोन केला होता. म्हटलं, जानेवारीत ये, दोन दिवस काढून ये, तुला चांदोरीची देवळं आणि नांदूरमध्यमेश्वरचे चक्रवाक दाखवते. म्हणाला, "नक्की मावशी, गाडी काढतो." मी म्हटलं, गाडी नको, सायकल आण. जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अगं, त्या हायवेवर? वेड लागलंय का तुला?"

हेच, हेच तर मी तुला इतका वेळ सांगते आहे रे बाबा.

माझी लेडीज सायकल अजून गॅलरीत आहे. सहासष्टाव्या वर्षी आयटीआय सिग्नलला एका रिक्षाच्या धक्क्याने पडले, मनगट मोडलं, तेव्हापासून मुलांनी बंदी घातली. चेनला तेल मात्र घालते अधूनमधून. त्या नववीतल्या मुलीची सायकल जिन्याखाली, माझी गॅलरीत. दोन सायकली, दोन्ही चांगल्या, दोन्ही उभ्या. कोणाला या लेखावर काही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. पण त्याआधी आपल्या घरातली, इमारतीतली, जिन्याखालची उभी सायकल मोजा, आणि ती का उभी आहे ते तिच्या मालकाला विचारा. मालकिणीला तर नक्कीच विचारा.